टाकीचे पाणी, आपल्या हाती

आमच्या चाळीच्या पाण्याच्या टाकीची देखभाल आम्ही रहिवासीच करतो. पूर्वी ठेकेदाराचा माणूस वर्षाकाठी एकदा यायचा. एका पावसाळ्यात चार घरांतली मुले जुलाबाने आजारी पडली, तेव्हा हे काम आपणच शिकायचे असे आम्ही ठरविले.

टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजून गुणावी. आलेल्या आकड्याला हजाराने गुणले की लिटर मिळतात. आमची टाकी २ मीटर लांब, दीड मीटर रुंद. पाणी १ मीटर. म्हणजे ३,००० लिटर. हजार लिटरला चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणून आम्हाला साडेसात ग्रॅम. ती थोड्या पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतावे आणि अर्धा तास नळ बंद ठेवावेत. पावडरीचा डबा उघडा राहिला की तिचा जोर जातो. टाकीचे झाकणही घट्ट हवे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो.

टाकी रिकामी करून घासायची ती पाळीने. एक जण आत उतरला की दुसरा वर उभा. शिपाई असो की कारकून, पाळी चुकत नाही. घाण उपसण्याचे काम पिढ्यान् पिढ्या जन्मावरून माथी मारले गेले. आमच्या चाळीत ते वहीतल्या नावाप्रमाणे येते. गेल्या महिन्यात पावडरीचा हिशेब नववीतल्या एका मुलीने मांडला. आम्ही फक्त तपासला. बरोबर होता!

बंधूभगिनींनो, आपल्याही वस्तीत अशी एक वही घाला.