भाकरीच्या घडींत

मक्याच्या लहानशा भाकरींत कालवण भरून, ती दुमडून, हातांत धरूनच खावयाचा जो मेक्सिकन पदार्थ, त्याला टाको म्हणतात. आमच्या तरुण पिढीला तो फार प्रिय. तो शाकाहारी हवा असला, कीं सोयाबीनच्या चुऱ्याला मसाले लावून त्याजकडून मांसाचें सोंग वठवून घ्यावयाचें, अशी एक रीत पडली आहे. मला ती पसंत नाहीं. ज्यानें मांस सोडलें त्याच्या पानांत मांसाची आठवण कशासाठीं वाढावयाची? खुद्द मेक्सिकोंत निवडुंगाचीं कोवळीं पानें, घेवडा, भाजलेली मिरची घालूनही टाको करतात. त्यांत सोंग कसलेंच नसतें.

गेल्या हिवाळ्यांत माझी पुतणी जळगांवीं आली. तिनें दूध, दहीं, तूपही वर्ज्य केलेलें. घरच्या मंडळींना तुपावांचून पाहुणचार म्हणजे जवळजवळ अपमानच! दोन दिवस पोर कोरडा वरणभात जेवून अर्धपोटीं उठली. वास्तविक या प्रांतानें तिची सोय केव्हांच करून ठेवली आहे. थंडी पडली, कीं जळगांव-धुळ्याकडे मळ्यामळ्यांतून भरिताच्या पंगती उठतात. मोठालीं हिरवीं वांगीं कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळांत भाजावयाचीं, सोलून हिरवी मिरची व लसूण यांसह ठेचावयाचीं, आणि तेलांत शेंगदाणे व पातीचा कांदा परतून त्यांत तीं मिसळावयाचीं. जळगांवच्या या वांग्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण त्याची खरी सनद म्हणजे तो धूर. गॅसवर भाजलेल्या वांग्याचें भरीत खाण्यापेक्षां उपास बरा.

सोबत कळण्याची भाकरी हवी. ज्वारींत सालासकट उडीद दळला, कीं धान्यांतलें उणें कडधान्य भरून काढतें. मका-घेवड्याच्या जोडीचाही हिशेब हाच. पोट भरल्याचें समाधान मांसावर अवलंबून नसतें. मऊ भरितांत दांताखालीं येणारा शेंगदाणा, पुरेसें तेल, वर पिळलेलें लिंबू आणि दमदार भाकरी, एवढें जमलें कीं काम झालें. टाको निवडणारानेंही एवढेंच पाहावें.

तिसऱ्या दिवशीं पुतणीनें चतकोर भाकरींत भरीत घालून घडी केली व म्हणाली, "काका, हा तर टाकोच!" भरितांतली मिरची आणि शेंगदाणा मूळचे अमेरिका खंडांतलेच, तेव्हां नातें अगदींच ओढूनताणून नव्हतें. मी तें सांगूं लागलों, तोंच आंतून प्रश्न आला, "व्याख्यान मागाहून, तिला आणखी भाकरी हवी का तें विचारा!"

तिनें आणखी दोन घेतल्या.