रथसप्तमी ते रथसप्तमी : जबलपुरातील वर्षाचा आढावा

सरत्या वर्षाचा आढावा घेऊन पुढचे संकल्प करण्याची रीत मराठी समाजात एकाच तिथीला बांधलेली नाही. व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन करतो, गृहस्थ गुढीपाडव्याला नवे वर्ष धरतो, आणि आषाढी एकादशीला अनेक घरांत चातुर्मासाचे नेम, म्हणजे चार महिने पाळावयाचे आचरणाचे निर्बंध, स्वीकारले जातात. जबलपूरच्या मराठी घरांना यांखेरीज आणखी एक दिवस लाभला आहे. माघ शुद्ध सप्तमीला मराठी पंचांगात रथसप्तमी असते, तर नर्मदेच्या काठी त्याच दिवशी नदीचा जन्मोत्सव, म्हणजे नर्मदा जयंती, साजरा होतो. १८१७ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होते, १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग येथे जोडला गेला आणि १९५६ पर्यंत ते ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या मराठी कुटुंबांत दोन्ही सण सहज एकत्र नांदतात. सकाळी तुळशीपुढे गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यातले दूध पूर्वेकडे उतू जाऊ दिले जाते, पाटावर सूर्याचा रथ काढला जातो, संक्रांतीपासून चाललेली हळदीकुंकवे त्या दिवशी संपतात. आणि संध्याकाळी तेच कुटुंब ग्वारीघाटावर पानांच्या द्रोणात दिवा सोडायला जाते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी वर्षाचा आढावा याच दिवशी, दूध उतू गेल्यानंतर आणि घाटावर निघण्यापूर्वी, लिहून काढला जातो. या आढाव्याची पद्धत नर्मदा परिक्रमेवरून घेतलेली आहे. परिक्रमा म्हणजे नदी सतत उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता, दोन्ही काठांनी घातलेली पायी प्रदक्षिणा. नदीची लांबीच १,३१२ किलोमीटर असल्याने आणि चातुर्मासात चालणे थांबवावे लागत असल्याने नोकरदार माणसाला ती सलग करणे बहुधा अशक्य असते. त्यासाठी खंड परिक्रमेची सोय आहे: सवड मिळेल तेवढे चालावे, घरी परतावे, आणि पुढच्या वेळी जेथे थांबलो त्याच जागी जाऊन तेथून पुढे निघावे.

या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण जबलपूरनेच दिले. चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) येथे कलाशिक्षक होते. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी जबलपूर ते मंडला हा पहिला टप्पा पायी केला आणि पुढे सुट्ट्यांमधून टप्प्याटप्प्याने नदीचे काठ चालून काढले. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या त्यांच्या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या यशाचे मर्म संकल्प मोठा असण्यात नव्हते. दर वर्षी पुढचे पाऊल कोठे टाकायचे हे त्यांना नेमके ठाऊक असे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते वर्षारंभीच्या बहुतेक संकल्पांत उणीव असते ती हीच.

सरलेल्या वर्षी दोन संकल्प होते. पहिला, ग्वारीघाटाहून उत्तर काठाने मंडल्यापर्यंत चालण्याचा, घरातील आजारपणामुळे बरगी धरणाशी थांबला. दुसरा संकल्प होता आजोबांचे मोडी कागद वाचण्याइतकी मोडी लिपी शिकण्याचा. मोडीत आधी शिरोरेषा ओढून लेखणी शक्य तितकी न उचलता लिहिले जाते आणि शब्दांत अंतर सोडले जात नाही, त्यामुळे सुटी अक्षरे ओळखता येऊ लागली तरी एक शब्द कोठे संपून दुसरा कोठे सुरू होतो हे उमगत नाही. आढाव्याच्या पानावर म्हणूनच ‘मोडी अपूर्ण’ असे न लिहिता ‘अक्षरे ओळखता येतात, शब्द तुटत नाहीत’ असे लिहिले गेले. पहिल्या नोंदीत केवळ खंत राहिली असती. दुसरीत उद्या सकाळी कोणते काम हाती घ्यायचे ते सांगितले आहे, आणि खरा आढावा तोच.

चालण्याच्या बाबतीत मात्र थांबलेल्या जागेवरून पुढे निघणे तितके सरळ नाही. बरगी धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले. पुढे त्याच्या जलाशयाने दीडशेहून अधिक गावांना झळ पोचवली, अनेक कुटुंबे विस्थापित झाली आणि काठाकाठाने जाणारी जुनी वाट कित्येक ठिकाणी पाण्याखाली गेली. तेव्हा नव्या वर्षाचा संकल्प पूर्वीच्याच शब्दांत पुन्हा लिहिणे खोटे ठरले असते. त्यात जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यांची भर घालावी लागली, अंतर वाढले, मुक्काम वाढले, आणि चालणे प्रबोधिनी एकादशीनंतर, पावसाळा पूर्ण सरल्यावर, सुरू करायचे ठरले; वाटेत विस्थापितांच्या वस्त्यांत थांबून त्यांच्या बुडालेल्या गावांची नावे टिपून घेण्याचे कामही त्यात जोडले गेले, कारण ज्या काठाने पूर्वीचे यात्रेकरू गेले त्या काठावरची घरे विसरून केलेली प्रदक्षिणा अपुरीच राहील.

याच टप्प्याने जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी जुन्या प्रवासवर्णनांतील काठावरच्या वाटांवर विसंबू नये; धरणाच्या वरच्या गावांत चौकशी करून मगच निघावे.