मुफरद म्हणजे मूळ

उर्दू माध्यमातून सातवी करून मराठी शाळेत आलेल्या मुलांची खरी अडचण भाषेच्या तासाला होत नाही, गणिताच्या तासाला होते. तिकडे ‘मुफरद अदद’ म्हणून शिकलेली गोष्ट इथे ‘मूळ संख्या’ होते, ‘मुरक्कब’ची ‘संयुक्त’ होते. पवनानगरात अशीच एक मुलगी मला म्हणाली, “मॅडम, मेरा गणित गया.” वही बघितली. रीत चोख होती, अडत होते ते शब्द. घरी मात्र तिला गणित झेपत नाही, असं ठरूनही गेलं होतं.

मी भाषा शिकवते. तरी फळ्यावर एक संख्या लिहिली : १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि परत उतरायचं. हा १११११११११ चा वर्ग आहे. म्हणजे ती मुरक्कब, संयुक्त. अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. त्यांना ही कल्पना डोंबिवली स्टेशनावर सुचली, त्या स्टेशनाच्या जुन्या नावावरून ‘डेम्लो’. कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ ची करामत त्यांचीच. आपल्याकडच्या गणितज्ञांनी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले.

आता मधोमध फक्त १० घाला : १२३४५६७८९१०९८७६५४३२१. वीस अंकी ही संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणी भागत नाही. थोडी झडती आपणही घेऊ शकतो. अंकांची बेरीज ९१, म्हणून ३ ने भाग जात नाही. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून आलटून पालटून अधिक-उणे करा, ८९ येतात. ८९ ला ७, ११, १३ यांपैकी कुणीच भागत नाही, म्हणून या तिघांनी मूळ संख्येलाही भाग जात नाही. असं एकेक करत पूर्ण खात्री करायची तर सुमारे ३५१ कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून पाहाव्या लागतील. ते काम संगणकाचं.

शेवटचे दोन अंक २१ आहेत, म्हणजे ४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. १३ म्हणजे ४ अधिक ९, तसंच. हे फर्मानं सांगितलं, ऑयलरनं सिद्ध केलं.

त्याच्याही कितीतरी आधी, हजार वर्षांपूर्वी, बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमला मूळ संख्येची एक खूण माहीत होती. ७ घ्या. १ ते ६ चा गुणाकार ७२०, त्यात १ मिळवला की ७२१, आणि त्याला ७ ने पूर्ण भाग जातो. ६ घेतला तर १ ते ५ चा गुणाकार १२०, अधिक १ म्हणजे १२१. त्याला ६ ने भाग जात नाही. आज ही खूण विल्सनचा सिद्धांत म्हणून ओळखली जाते.

अरबीत विचार करणारा इब्न अल-हैसम आणि देवळालीचे मास्तर एकाच फळ्यावर आले, तेव्हा त्या मुलीनं विचारलं, “मतलब मुफरद ही मूळ है?” हो बाळा, तेच.

पालकांना माझं एवढंच सांगणं आहे, माध्यम बदललं म्हणून गणित जात नाही. आणि शिक्षकांना विनंती : पहिला महिनाभर फळ्यावर दोन्ही शब्द लिहा. खडूची एक ओळ जास्त लागेल, पण एखाद्या मुलीचं गणित सुटायचं वाचेल.