५०० जीबी, सगळी मोकळी

धडगावला जायचं तर मी तळोद्याहून चांदसैली घाटानं जातो. पावसाळ्यात या घाटाचा भरवसा नाही, पण नोव्हेंबरात रस्ता बरा होता. पिशवीत दोन पेनड्राइव्ह, एक बाहेरची हार्डडिस्क, सॅटा केबल आणि स्क्रूड्रायव्हर. नंदुरबारात माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नवी विंडोज ज्यांना पेलत नाही असे जुने डबे तेव्हापासून रोज येतात आणि त्यांच्यावर मी लिनक्स टाकून देतो.

धडगावचा हा डबा मात्र दुकानात येणार नव्हता. वनहक्क दाव्यांचं काम करणाऱ्या एका पावरा तरुणाचा तो. डी ड्राइव्हमध्ये नेवाडांची, म्हणजे जंगलजमिनीवरच्या शेतांची, जीपीएस मोजणी, बांधावर उभ्या माणसांचे फोटो, म्हाताऱ्यांचे जबाब, वनहक्क समितीचे ठराव. २००६ च्या कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा असल्याचं दाखवावं लागतं आणि त्यासाठी वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. जबाब देणाऱ्यांतले काही आता हयात नाहीत.

"बॅकअप?" मी विचारलं.

"पेनड्राइव्हवर होता भाऊ. तो कुणीतरी गाणी भरायला नेला."

विंडोज तशीच ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं ठरलं. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, इन्स्टॉलर उघडला. त्यानं सांगितलं, या संगणकावर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम नाही. पुढच्या पडद्यावर ५०० जीबीची डिस्क आणि तिच्यावर एकच पट्टी: मोकळी जागा. ना सी, ना डी. खाली ‘पुढे’ असं बटण, तेही ठळक.

दहा मिनिटांपूर्वी याच डिस्कवरून विंडोज चालू होती. मी माऊसवरून हात काढला.

अशा वेळी गडी आधी केबल काढून घालतात. मीही घातली असती, पण डिस्क बरोबर मापासकट दिसत होती, म्हणजे केबलचा दोष नव्हता. विंडोज अर्धवट झोपवून बंद झाली असेल, तर लिनक्स तिच्या ड्राइव्हमध्ये लिहायला कां-कूं करतं. पण तेव्हाही पार्टिशन यादीत दिसतं, गायब होत नाही. टर्मिनल उघडून एफडिस्कला यादी मागितली. त्यानं तीन पार्टिशनं मुकाट्यानं दाखवली. म्हणजे लिनक्सला ती दिसत होती आणि त्याच लिनक्सच्या इन्स्टॉलरला दिसत नव्हती.

मग पार्टेड हे दुसरं साधन चालवलं. इन्स्टॉलर डिस्क वाचायला त्याच्याच लायब्ररीवर विसंबतो. पार्टेडनं उलट मलाच प्रश्न केला: इथे जीपीटीच्या खुणा आहेत, पण तिच्यासोबत असायला हवं ते पान नाही, ही जीपीटी समजू का?

इथे गाठ सापडली. जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या पानावर पार्टिशनांची नोंद असते. त्यातले नोंदीचे बाइट फक्त ६४, चार रकाने. (यूटीएफ-८ मध्ये तेवढ्यात आपली एकवीस अक्षरं मावतात, काने-मात्रे धरून.) नवी पद्धत जीपीटी, तिची नोंद डिस्कच्या सुरुवातीला असते आणि नक्कल अगदी शेवटी. ही डिस्क जुन्या बाजारातून आलेली. आधीच्या मालकाकडे ती जीपीटी असावी. नंतर कुणीतरी जुन्या पद्धतीनं विंडोज टाकली, पहिलं पान नव्यानं लिहिलं गेलं आणि जीपीटीच्या खुणा मागे तशाच राहिल्या. एकाच जमिनीचे दोन उतारे. एफडिस्क पहिल्या पानावर चालला, इन्स्टॉलर दोन्ही पाहून गोंधळला आणि गोंधळला असं न म्हणता ‘मोकळी’ म्हणाला. त्याचा राग मला अजून येतो.

मी हे समजावत असताना दारात बसलेला त्या तरुणाचा आजा पावरीत काही बोलला. नातू हसला. "आजा म्हणतो, आमची शेतंही कागदावर अशीच जंगल दिसतात."

दुरुस्ती क्षणाची होती, पण आधी डी ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर घ्यायला बसलो. ६० जीबी आणि जुनं यूएसबी. निम्म्यावर लाइट गेली. डब्याला यूपीएस नव्हता. भाकरी आणि उडदाची डाळ खाऊन झाली, ओट्यावर आमचूर कितीला जातो याच्या गप्पा झाल्या, मग लाइट आली. उरलेल्या फायली घेतल्या. चार फोटो उघडून पाहिले, एक जबाब वाचला. पहिल्या पानाचीही वेगळी नक्कल काढून ठेवली.

मग फिक्सपार्ट्स. रॉड स्मिथनं लिहिलेलं हे लहानसं साधन मी पेनड्राइव्हवर कायम ठेवतो. सुरू होताच त्यानं विचारलं, जीपीटीच्या शिल्लक खुणा दिसतात, पुसू का? लगेच पुसल्या जातील, अशी तंबीही दिली. मी दिव्याकडे पाहिलं, वाय दाबलं. झालं एवढंच.

इन्स्टॉलर पुन्हा उघडला. आता विंडोज सापडली, सी दिसला, डी दिसला. सी आकसून ८० जीबी लिनक्सला दिले, डीला हात लावला नाही. पाऊण तासात डबा दोन्हीकडून उठू लागला.

लिनक्समधून डी उघडून नातवानं मोजणीचा नकाशा काढला. आजा उठून पडद्याजवळ आला. रेघांच्या त्या गर्दीत त्याला त्याचं शेत कसं ओळखू आलं ते मला कळलं नाही. त्यानं एका टिंबावर बोट टेकवलं आणि नातवाला रागे भरला.

"काय म्हणतात?"

"मोहाचं झाड नाल्याच्या पलीकडे दाखवलंय, ते अलीकडे आहे म्हणतो." नातवानं वही ओढली आणि तारीख टाकून लिहायला घेतलं.