आवडीत मुलांसोबत बाहेर जेवायला जाताना

मुलं लहान असली की हॉटेलात आपण जेवायला कमी आणि पहारा द्यायला जास्त जातो. एक पाणी सांडतो, दुसरी टेबलाखाली शिरते. आईचा हात ताटापर्यंत पोहोचतो तेव्हा सगळं गार झालेलं असतं. बाबांचं जेवण मात्र बहुतेक वेळा गरमच संपतं, हेही तुम्ही पाहिलं असेल! मग "मुलं जरा मोठी होऊ देत" असं ठरतं आणि आईचं बाहेर जेवणं चार-पाच वर्षं बंद होतं. जागा नीट निवडली तर तसं व्हायची गरज नाही, हे मला चेन्नईजवळच्या आवडीत कळलं.

नाव वाचून मराठी गाव वाटलं ना? पण हे नाव तमिळ आहे. चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमच्या दिशेने जाणारी लोकल पकडायची, साधारण पाऊण तासात आवडी. हे रणगाड्यांचं गाव. इथल्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीतून १९६५ साली पहिला विजयंत रणगाडा बाहेर पडला. संरक्षण खात्याच्या नोकऱ्यांमुळे देशभरातली कुटुंबं इथे बदलून येतात. माझी ताई त्यांतलीच. तिचा मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची.

पुण्यात किंवा बेंगळुरूत हल्ली रविवारी दुपारी ब्रूपबमध्येही बाबागाड्या दिसतात. मोठ्यांसाठी तिथेच बनलेली ताजी बिअर, मुलांसाठी फ्राइज. तमिळनाडूची तऱ्हा वेगळी. इथे दारूची किरकोळ विक्री २००३ पासून टास्मॅक या सरकारी कंपनीकडे आहे. आवडीत घराजवळ सहकुटुंब बसायची जागा म्हणजे टिफिन हॉटेल. इथे ताजी उतरते ती फिल्टर कॉफी!

टिफिन हॉटेलच का?

कारण इथे मुलांना गप्प बसवावं लागत नाही. भांड्यांचा आवाज, ऑर्डरींचा आरडाओरडा, डोशाच्या तव्यावरची चर्र... त्यात तुमच्या मुलीचं रडणं कुणाच्या लक्षातही येत नाही. शहरातल्या एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये ताईच्या मुलीने चमचा आपटला, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे लोक वळून वळून बघत होते. ताईने अर्धं जेवण पॅक करून घेतलं होतं. इथे मुलीने स्टीलचा पेला खाली पाडला, तर वाढणाऱ्या अण्णांनी तो उचलला, दुसरा ठेवला आणि हसून पुढे गेले.

फुटेल असं इथे फारसं काही नसतं. केळीचं पान, स्टीलची वाटी, स्टीलचा पेला. सगळे हाताने खातात, त्यामुळे "चमच्याने खा" हा वाद नाही. पानावर पाणी शिंपडून पुसायचं काम मुलांना द्या, तेवढ्यात पाच मिनिटं शांततेत जातात. जेवण झाल्यावर पान स्वतःकडे दुमडायची इथली पद्धत आहे. भाचा ते काम फार मन लावून करतो.

मुलांसाठी काय मागवाल?

• मिनी इडली: नाण्याएवढ्या इडल्या, सांबारात बुडवलेल्या. सांबार तिखट वाटलं तर कोरड्या मागवून वर तूप घ्या.
• इडियाप्पम: तांदळाच्या वाफवलेल्या शेवया. नारळाचं दूध आणि साखर घातली की आपल्या शेवयांसारखंच लागतं.
• कुळी पणियारम: म्हणजे आपले आप्पेच!
• वेण पोंगल: मऊ मुगाची खिचडी. आधी अख्खी मिरी वेचून काढा.

दुधालाही इथे कॉफीचाच मान. डबरा-टंबलरमध्ये उंचावरून ओतून फेस काढलेलं दूध मुलं न कुरकुरता पितात.

दोन वाक्यं पाठ करून जा. "पाप्पावुक्कु कारम वेण्डाम", म्हणजे बाळासाठी तिखट नको. "सुडु तण्णी" म्हणजे गरम पाणी. बाकी हाका मारायला अण्णा आणि अक्का हे शब्द आपल्याकडेही आहेतच.

सांबाराची वाट बघताना मुलांना एक गोष्ट सांगता येईल. तंजावरला १८५५ पर्यंत मराठी राजघराणं होतं. तिथल्या मुदपाकखान्यात आमटीत कोकमाऐवजी चिंच पडली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून ती 'सांबार' झाली, अशी आख्यायिका आहे. पक्का पुरावा नाही, पण भाचा त्या दिवसापासून सांबार मागून खातो.

वेळ सांभाळा

टिफिन सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी बहुतेक ठिकाणी भाताचं जेवण असतं, तेव्हा डोसा मिळेलच असं नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला गेलात तर गर्दी कमी असते आणि मुलं झोपेला आलेली नसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं

सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. टिफिन हॉटेलात एकेक पदार्थ मागवता येतो, तो काही मिनिटांत येतो आणि बिल शेवटी होतं. आधी मुलांच्या इडल्या मागवा. त्यांची पोटं भरली की बाबांनी दोघांना हात धुवायला न्यावं, मग तव्यावर डोसे कसे घालतात ते लांबून दाखवावं. आईचा डोसा तेव्हा सांगायचा, त्याच्या आधी नाही.

ताईने परवा असाच एक रोस्ट डोसा मागवला. कडेपासून तोडत, तिन्ही चटण्या लावत, सावकाश खाल्ला. वर कॉफी घेतली. "दोन वर्षांनी बाहेर गरम खाल्लं गं," म्हणाली.

तुम्ही आवडीत नसाल, तर तुमच्याही गल्लीच्या टोकाला एखादं उडुपी, एखादी खानावळ असेलच. या रविवारी मुलांना घेऊन जा. फक्त आईची ऑर्डर शेवटी द्या, आणि ती खाईल तेवढा वेळ मुलांना कुणीतरी दुसऱ्याने सांभाळा.