राखेची तहान

संग्रामपूरकडच्या एका टाकीचे खांब परवा पाहून आलो. माझंच काम, अठरा वर्षांपूर्वीचं. गुडघ्याच्या उंचीवर खपल्या निघाल्यात. बोट घातलं तर गंजलेला गज लागला, नखात लाल भुकटी आली. सोबत भाचा होता, सध्या माझ्याच हाताखाली शिकतोय. "मामा, पाणी कोणतं मारलं होतं?" एवढंच त्यानं विचारलं.

आमचा हा पूर्णाकाठचा खारपाण पट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि तेच खार काँक्रीटमध्ये मुरलं की गज खातं. पारसच्या वीज केंद्रातून निघते तशी कोळशाची राख सिमेंटात असली, तर ती आतला मोकळा चुना बांधून घेते, छिद्रं बुजवते, खाराची वाट अडवते. पण राख सावकाश चालते, आणि तोवर तिला ओल हवी. साध्या सिमेंटला सात दिवस पुरतात. राखेच्या सिमेंटला आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक किमान दहा सांगतं, चौदा दिले तर उत्तम.

स्लॅबवर आळी करून पाणी कोंडता येतं. उभ्या खांबाचं काय करावं, हे मला आजवर साधलेलं नाही. गोणपाट गुंडाळलं, वरून प्लास्टिक बांधलं, रात्री उठून भिजवलं. मे महिन्यात सकाळी नऊला पुन्हा ठणठणीत. आणि खाली टँकरपाशी बायांची रांग. त्यांच्यादेखत गोडं पाणी खांबावर कोणत्या तोंडानं ओतायचं?

त्या टाकीला चौथ्या दिवसापासून मी विहिरीचं खारं पाणी मारलं. टँकर गावासाठी सोडला, असं पुढं सांगत आलो. खरं म्हणजे मला पुढचं काम धरायचं होतं. झटपट मोकळा होणारा मिस्तरी म्हणून माझं नाव होतं ना! खपल्या दिसू लागल्यावर दोष राखेला दिला: "भेसळीचं सिमेंट, बाप्पा." जुने लोक चुन्यात विटेची सुरखी मळायचे, तिचंही काम हेच, तिला कधी कुणी भेसळ म्हटलं नाही.

हल्लीचे ठेकेदार खांबावर कसलंसं औषध फवारतात आणि पाण्याची कटकटच मिटली म्हणतात. मला ते पटत नाही. पण माझ्या खांबापुढं उभं राहून त्यांना नावं ठेवायला परवा जीभ रेटली नाही.

भाचा हल्ली प्रत्येक खांबावर तो भरल्याची तारीख कोळशानं लिहितो, म्हणजे दिवस मोजता येतात. मी तुळईवर माझं नाव कोरायचो. त्या टाकीवर ते अजून शाबूत आहे. खार तेवढ्या उंच चढलं नाही. भाच्यानं मान वर करून ते वाचलं आणि गपचूप गाडी काढली.