अश्वशक्तीचा जमाखर्च

अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात त्या मोटारींची वंशावळ बहुतेक जाणकार १९६४ सालच्या पाँटिअ‍ॅक जी.टी.ओ.पासून मांडतात, आणि ही गाडी जन्मास आली ती एका हुकमाला बगल देऊन. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असे जनरल मोटर्सच्या वरिष्ठांचे फर्मान असता, पाँटिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, व्ही-८ इंजिन ‘टेंपेस्ट’ या संसारी गाडीच्या श्रेणीत घातले, आणि ते निराळी गाडी म्हणून नव्हे, तर ग्राहकाने मागितल्यास मिळणारी जादा सोय म्हणून दप्तरी दाखल केले. फर्मानात जादा सोयींचा उल्लेख नव्हता!

इंजिनांची शक्ती मोजणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे, या गाडीची तुलना २०१७ सालच्या होंडा सिव्हिक टाइप आरशी कोणी करू लागला, की मी प्रथम आकड्यांची खातरजमा करतो. तीन कार्ब्युरेटरांच्या जी.टी.ओ.ची शक्ती ३४८ अश्वशक्ती नोंदलेली आहे, तर दोन लिटरच्या टर्बो सिव्हिकची अमेरिकेत ३०६. म्हणजे सकृद्दर्शनी जुनीच वरचढ. परंतु त्या काळी इंजिन चाचणीच्या बैठकीवर चढवून, एअर फिल्टर, सायलेन्सर आणि शक्ती खाणारी इतर उपांगे बाजूस ठेवून मापन होत असे; पगाराचा आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत जो फरक, तोच येथेही. कॉर्व्हेटचे मूळ इंजिन १९७१ साली २७० अश्वशक्तीचे आणि १९७२ साली २०० चे म्हणून जाहीर झाले, तेव्हा यंत्र फारसे बदलले नव्हते, केवळ वजावटी हिशेबात धरल्या गेल्या होत्या. सबब ३४८ आणि ३०६ हे आकडे एका रकान्यात मांडणेच मुळी गैर.

वेगाच्या दाखल्यांचीही तीच गत. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने १९६४ साली जी.टी.ओ. ताशी साठ मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठते असे छापले आणि देशभर खळबळ उडाली. परंतु चाचणीस दिलेल्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ घनइंचांचे इंजिन होते, हे पाँटिअ‍ॅकच्या जाहिरातीचे सूत्रधार जिम वँगर्स यांनी पुढे स्वतःच सांगून टाकले.

तथापि खरे अंतर इंजिनात नाहीच. ते चाकांपाशी आहे. जी.टी.ओ.च्या चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक होते. ड्रम तापला की प्रसरण पावून लायनरपासून दूर सरतो, लायनरचे घर्षणही उतरते, आणि वेगात दोनचार वेळा जोराने पाय दाबल्यावर पेडल खोल जाऊनही गाडी हवी तशी आवरत नाही. उलट डिस्क प्रसरण पावते ती पॅडच्या दिशेने, आणि उघड्या हवेत लवकर निवते. त्यात टायर त्या काळचे तिरप्या पदरांचे, वळणावर बाजूस कलणारे. सिव्हिकमध्ये ब्रेक, टायर, स्प्रिंगा आणि इंजिन एकाच वेळी, एकमेकांच्या हिशेबाने योजलेले आहेत. ओढणे आणि वळणे ही दोन्ही कामे पुढच्याच चाकांवर आल्याने सुकाणूला बसणारे हिसके शमवण्यासाठी तेथील बिजागरीची रचनाही खास निराळी केली आहे. (तिच्या पाठीवरील पंखाच्या सौंदर्याविषयी मात्र मी मौन पाळतो.) वाहन म्हणून नवी गाडी निःसंशय श्रेष्ठ, जुनी म्हणजे असामान्य इंजिनाला जखडलेली सामान्य गाडी.

तरीही जी.टी.ओ.वर ज्यांचा जीव आहे, त्या मालकांना एकच विनंती: इंजिनावर आणखी एक डॉलर खर्च करण्यापूर्वी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि चारही चाकांना रेडियल टायर घालून घ्या. यात परंपरेचा भंग मुळीच नाही. पुढचे डिस्क ब्रेक खुद्द पाँटिअ‍ॅकनेच १९६७ पासून या गाडीला देऊ केले होते.